इंग्रजी मद्यगृहांतील मेज

वकीलवर्गाला ‘बार’ म्हणतात आणि मद्यगृहालाही ‘बार’ म्हणतात, यावर पुष्कळ विनोद झाले आहेत. परंतु मूळ अर्थ दोहींकडे एकच: अडसर, आडवी दांडी. न्यायालयांत ती न्यायासनापुढें असे. मद्यगृहांत ती मालकाच्या पिंपांपुढें आली.

अठराव्या शतकांत इंग्लंडांत ‘बार’ म्हणजे मालकाची लहानशी कोठडी. गिऱ्हाइकें निरनिराळ्या खोल्यांत शेकोटीजवळ बसत आणि पोऱ्या तळघरांतून भरलेले गडवे त्यांच्यापुढें आणून ठेवी. यजमान आणि पाहुणा हें नातें, निदान दिसावयास तरी, कायम होतें.

तें मोडलें एका सुतारानें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. यॉर्कशायरचा जोसेफ ब्रामा शिक्षणानें सुतार; कीर्ति मात्र कुलपांची आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राची. सन १७९७ मध्यें त्यानें तळघरांतील बिअर वर खेचणाऱ्या पंपाचें पेटंट घेतलें. दांडा ओढला कीं पेला भरे; पोऱ्याची खेप वांचली. पुढें १८२५ च्या सुमारास जिनवरील कर उतरला आणि दुकानदारांचें लांब मेज, मोठ्या कांचा व गॅसचे दिवे उचलून जिनचे ‘महाल’ उभे राहिले. डिकन्सनें १८३५ मध्यें त्यांचें वर्णन केलें आहे.

मेज वाढविण्यांत गणित होतें. बसलेला मनुष्य तासभर जागा अडवितो. उभा असलेला पितो आणि चालूं लागतो. म्हणून धंदा बरा चालला कीं मालक खोल्यांच्या भिंती पाडी, सुताराला बोलावी आणि मॅहॉगनीचें मेज आणखी कांहीं फूट पुढें नेई. काम दिसतें तितकें सोपें नव्हे. नव्या पंपासाठीं जमीन भोंकून तळघरापर्यंत नळ न्यावा लागे. नळ फार लांबला तर रात्रभर त्यांत राहिलेली बिअर सकाळीं शिळी निघे. शिवाय मेजाला काटकोनांत लांकडी पडद्या ठोकून कारकुनांची जागा मजुरांपासून वेगळी करावयाची, कारण एकाच मेजावर पिणाऱ्यांनाही शेजाऱ्याचें तोंड पाहणें नको असे!

१९०२ च्या कायद्यानें या सुतारकामांत सरकार शिरलें. पिण्याची सोय वाढेल किंवा पिणारे दृष्टीआड होतील असा फेरफार परवाना देणाऱ्या मॅजिस्ट्रेटांच्या संमतीवांचून करण्यास बंदी झाली. मला हा कायदा मोठा मार्मिक वाटतो. धर्मोपदेशकांनीं व्याख्यानें दिलीं. यानें फूटपट्टी हातीं घेतली.

महायुद्धांत सरकार याच्याही पुढें गेलें. ग्रेटना येथें स्फोटक दारू करणारे कामगार सायंकाळीं दुसऱ्या दारूसाठीं कार्लाइल गांठीत (मराठी भाषेनें दोहींना एकच नांव दिलें आहे). १९१६ मध्यें त्या भागांतील मद्यगृहेंच सरकारनें ताब्यांत घेतलीं. हॅरी रेडफर्न या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं आडोशाच्या पडद्या निघाल्या, बसण्याच्या जागा वाढल्या, खाण्याचे पदार्थ आले. गिऱ्हाईक पुन्हां बसलें. हा प्रयोग थोडाथोडका नव्हे, १९७३ पर्यंत चालला. मग तीं मद्यगृहें खाजगी मालकांना विकण्यांत आलीं.