वाकळीवरची नक्षी येते कुठून?

बचत गटात गोधडीचं काम घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डिझाइन कुठलं घ्यायचं गं?" मग कुणीतरी मोबाइल काढतं आणि लांबच्या कुठल्यातरी गावचं चित्र हातोहात फिरतं. त्यात वाईट काही नाही, डोळ्यांना चांगलं दिसलं की हात शिवशिवतातच. पण आपल्या आज्या-पणज्यांकडे मोबाइल नव्हता, नमुन्यांचं पुस्तक नव्हतं, आणि बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. तरी एकीची वाकळ दुसरीसारखी नसायची. मग त्यांना नक्षी सुचायची कुठून? आज आपण याचाच मागोवा घेऊ.

इतिहास सांगायचा तर पुरावा लागतो. राजांचे ताम्रपट राहिले, देवळांतले शिलालेख राहिले. शंभर वर्षांपूर्वीची वाकळ मात्र सहसा सापडत नाही, कारण ती जपून ठेवायची वस्तूच नव्हती. लुगडं विरलं की त्याची वाकळ झाली. वाकळ विरली की तिच्यावर दुसरं लुगडं चढवून ती पुन्हा शिवली. मग ती बैलगाडीत अंथरली, कणगीवर झाकली, आणि शेवटी तिचं फडकं होऊन ते चुलीवरचं भांडं उतरवायला आलं. त्यात माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवायचं नाही, ही अनेक घरांतली रीत. म्हणजे जिच्यात एका बाईचं सगळं आयुष्य शिवलेलं होतं, ती वाकळ तिच्यामागोमाग घराबाहेर गेली. शिवणारीचं नाव तर वाकळीवर कधी नव्हतंच.

म्हणून हा इतिहास दुसरीकडे शोधावा लागतो. तो आपल्या शब्दांत आहे, टाक्यांत आहे आणि आसपासच्या नक्षीत आहे.

शेतातून आलेलं चीवर

कापडाचे तुकडे जोडायला शेताकडे पाहून शिकल्याची एक फार जुनी गोष्ट बौद्धांच्या विनयपिटकात आहे. त्या काळी भिक्खू टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे गोळा करत, धूत आणि जोडून त्याचं चीवर करत. एकदा भगवान बुद्ध मगध देशातून जात असताना त्यांना भाताची शेतं दिसली. चौकोनी खाचरं, मधून बांध, बांधाला मिळणारे आडवे बांध. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदानं तुकडे कापून अगदी तशी रचना केली, आणि बुद्धांनी त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. आजही भिक्खूंचं चीवर पट्ट्या-पट्ट्या जोडूनच शिवतात. अंगावर घेतलेलं ते शेतच आहे म्हणा ना.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात भाताची खाचरं नाहीत. आपली काळी रानं, रब्बीची ज्वारी आणि बांधावरची बोर-बाभूळ. पण वाकळीवरचा धावदोरा जरा लांबून बघा. तिफणीनं पेरलेली ज्वारी उगवून वर आली की जशा ओळी दिसतात, तशाच त्या ओळी असतात. आणि नांगर जसा कडेनं फेरे घेत घेत आत येतो, तशी कितीतरी बायकांची वाकळ कडेला सुरू होते आणि फिरत फिरत मध्यावर संपते. रानात राबणाऱ्या हातांनी घरी सुई धरली, तर चाल तीच राहणार.

टाक्यांची नावं काय सांगतात

आता शब्द बघू. 'कंथा' हा संस्कृत शब्द. ठिगळं लावून शिवलेलं वस्त्र, असा त्याचा अर्थ. जोगी आणि बैरागी अंगावर कंथा घालत. बंगालमध्ये याच शब्दाचा 'कांथा' झाला. तिथल्या बायका जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानं फुलं, मासे, रथ काढतात आणि त्याला 'नक्षी कांथा' म्हणतात. आपल्याकडेही नगर जिल्ह्यातल्या कर्जतचे संत गोदड महाराज गोधडीच्याच नावानं ओळखले जातात. थोडक्यात, गरिबाचं पांघरूण ते साधूचं वस्त्र, असा मान या ठिगळांना मिळालेला आहे.

'कशिदा' हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी 'ओढणं, रेखणं' असा अर्थ आहे. धावदोरा, टीप, साखळी हे शब्द घरचे. 'लेझी डेझी' आणि 'क्रॉस स्टिच' इंग्रजी शिवणवर्गांतून आले आणि आता आपलेच होऊन गेले. कुठला टाका कोणत्या वाटेनं आपल्या घरात शिरला, हे त्याचं नावच सांगतं.

आणि 'कसूती' आली शेजारच्या कानडी मुलखातून. 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सूत, असा हा शब्द फोडून सांगतात. आपल्या जिल्ह्याची हद्द विजापूर आणि कलबुर्गीला लागून. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या बाजूला मराठी-कानडी सोयरिकी पूर्वापार चालत आलेल्या. सून आली की तिच्याबरोबर इरकल लुगडंही आलं आणि कसूतीही आली. कसूतीत कापडावर आधी चित्र काढत नाहीत. कापडाचे धागे मोजत टाका घालतात. चार मुख्य टाके आहेत. गवंती हा सरळ दुहेरी टाका, मुरगी पायऱ्या-पायऱ्यांचा, नेगी विणल्यासारखा दिसणारा आणि मेंथी म्हणजे फुलीचा. गवंती आणि मुरगी कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. दोऱ्याला गाठ मारायची नाही, असा या कामाचा दंडक.

आणि या बायका काढतात काय? देवळाचं गोपूर, तुळशीवृंदावन, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, मोर. म्हणजे जत्रेत जे पाहिलं ते, आणि रोज सकाळी पाणी घालताना अंगणात जे दिसलं ते. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. आषाढीला पंढरीच्या वाटेवर पताका आणि डोक्यावरची तुळशीवृंदावनं दिसतात. हे सगळं आपणही दरवर्षी बघतो. त्यांनी ते कापडावर उतरवलं, एवढाच फरक.

तांड्यावरचे आरसे

आपल्या जिल्ह्यात बंजारा तांडे पुष्कळ. बंजारा बायकांचा फेटिया, कांचळी, ओढणी बघा. आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या-निळ्या कापडाचे जोड आणि त्यावर दाट टाके. पाण्याचा हंडा घ्यायची चुंबळसुद्धा त्या भरतकामानं सजवतात. हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली. जसजसे रूळ पसरले, तसतसा बैलांवरचा व्यापार बसत गेला. पुढे १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. धंदा गेला, वाटा बंद झाल्या, पण बायकांनी टाका सोडला नाही. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, घर नव्हतं, त्यांनी आपली ओळख अंगावरच्या कापडात सांभाळली. म्हणून ते काम बघताना 'रंगीत आहे, खपेल' एवढंच म्हणून थांबू नये. शेजारच्या तांड्यावरच्या मावशीकडून एखादा टाका शिकलात, तर तो कुणाचा हे सांगायला विसरू नका.

गिरणी, माग आणि चादरीवरचा मोर

आता आपलं सोलापूर. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. तीच 'जुनी गिरणी'. मागून लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले. मागावर बसणाऱ्याचं नाव सगळे घेतात. पण त्याच्या शेजारी बसून कांड्या भरणारी बाईच असायची. तिनं कांडी भरली नाही, तर धोटा रिकामाच धावणार.

सोलापुरी चादरीवरचा मोर आपण लहानपणापासून पांघरत आलो. तो उमटतो कसा, ठाऊक आहे? मागावर जकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं. फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ते तयार केलं. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एका पुठ्ठ्यानं बाण्याची एक ओळ, दुसऱ्यानं दुसरी, असा ओळीओळीनं मोर भरतो. म्हणून जवळून बघितलं तर त्याच्या पिसाऱ्याची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. म्हणजे चादरीचा मोरही मोजलेला आणि कसूतीचा मोरही मोजलेलाच. घरातली जुनी चादर उजेडात धरा, चौकटीच्या वहीवर एकेक घर भरत तो मोर उतरवा, आणि मेंथी टाक्यानं कापडावर घ्या. नमुना तुमच्याच अंथरुणात होता.

गोधडीला लागणारं कापडही आपल्याला लांबून आणावं लागत नाही. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग आहे, आणि जिथं कातरी चालते तिथं चिंध्या पडतातच. गणवेशाचे निळे, खाकी, पांढरे, चौकटीचे तुकडे. जुन्या वाकळीत लुगड्याचे काठ असत, आजच्या वाकळीत पोरांची शाळा असू दे.

अंगणातलं पुस्तक

अक्षर न येणाऱ्या बायकांचंही एक पुस्तक होतं, ते रोज सडा घालून नवं काढलं जायचं. चैत्रात अनेक घरांपुढे चैत्रांगण रेखतात. त्यात सूर्य, चंद्र, तुळस, पाळणा, हत्ती, कासव, नाग, गाईची पावलं, सगळं एका चौकटीत. ते चैत्रांगण कापडावर घेतलं तर भरतकामाच्या नमुन्यांचा तक्ताच तयार होतो. तसंच गोंदण. म्हाताऱ्या बायकांच्या हातावर तुळस, विंचू, ठिपक्यांची फुलं आहेत. ती पिढी आता थकली. त्यांच्या हातावरची नक्षी त्यांच्याबरोबर जाण्याआधी, त्यांना विचारून, वहीत उतरवून घ्या.

दूरदेशीच्या बहिणी

हे सगळं आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या बायका पूर्वीच्या गुलामांच्या लेकी-नाती. थंडीत पोरं कुडकुडू नयेत म्हणून त्या शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. तिथल्या मिसुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावं म्हणून. आपण ते कपडे घराबाहेर टाकले असते, तिनं ते जोडले.

१९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. १९७२ साली, म्हणजे आपल्याकडे दुष्काळात बाया खडी फोडत होत्या त्याच साली, त्या संस्थेला एका मोठ्या दुकान-कंपनीकडून उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. जाड रेघारेघांचं कॉर्डरॉय कापड, आणि सगळे अभ्रे एकसारखे हवेत. पैसे मिळाले, पण नक्षी कंपनीची. उरलेले तुकडे मात्र बायकांनी घरी नेले आणि मनासारखे जोडले. पुढे २००२ मध्ये याच गावच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये त्या टपाल तिकिटांवर आल्या. लोकांनी गर्दी केली ती एकसारख्या अभ्र्यांसाठी नाही, मनानं जोडलेल्या तुकड्यांसाठी. आणि प्रत्येक गोधडीशेजारी शिवणारीचं नाव लिहिलेलं होतं.

आपल्या जवळच, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागात सिद्दी समाज आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका गोधडीला कवंदी म्हणतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाचं फूल लावतात. फूल लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. शेवटचा टाका घातला म्हणजे काम संपलं असं नाही, आपली खूण उमटली पाहिजे.

मैत्रिणींनो, ऑर्डरचं काम आलं तर जरूर करा, घर त्यावर चालतं. गिऱ्हाइकानं फोटो पाठवला तर तसंही शिवून द्या. पण दहा गोधड्या त्यांच्या मनासारख्या केल्यात, तर अकरावी आपल्या मनाची करा. तिच्यात आपल्या शिवारातल्या ओळी येऊ द्या, चादरीवरचा मोर येऊ द्या, आजीच्या हातावरची तुळस येऊ द्या. आणि एका कोपऱ्यात साध्या टिपेनं तुमचं नाव, गावाचं नाव आणि साल घाला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या आवडीचं फूल काढावं, आणि लेकीकडून नाव घालून घ्यावं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातली सगळ्यात जुनी वाकळ घेऊन या. कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे घरातल्या म्हातारीला विचारून या. आजवर या इतिहासात नावं नव्हती. इथून पुढं ती असतील, कारण सुई आता तुमच्या हातात आहे.