अनुकृती आणि इतिहास : ‘फ्रीडम फोर्स’चे पुनर्वाचन

‘इरॅशनल गेम्स’निर्मित ‘फ्रीडम फोर्स’ हा संगणकीय खेळ २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे कथानक १९६२ मध्ये, ‘पेट्रिअट सिटी’ या कल्पित अमेरिकन नगरात घडते. जॅक कर्बी यांच्या चित्रशैलीची छाप, निवेदकाचा चढा सूर, आघातासरशी पडद्यावर उमटणारी ध्वन्यनुकारी अक्षरे, चित्रचौकटींतून उलगडणाऱ्या नायकांच्या उत्पत्तिकथा : तत्कालीन कॉमिक्सचे बहुतेक संकेत येथे पुन्हा योजलेले आहेत. त्यामुळे या खेळाकडे निव्वळ स्मरणरंजन म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक आहे. फ्रेडरिक जेमसन यांच्या १९८४ मधील विवेचनानुसार उत्तर-आधुनिक अनुकृती भूतकाळाची शैली उचलते, इतिहास मात्र हरवून बसते. हा आक्षेप येथे कितपत लागू पडतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

मूळ संहितांमध्ये अतिमानवी सामर्थ्याचा उगम अनेकदा किरणोत्साराशी निगडित होता. १९६१ मधील ‘फॅन्टॅस्टिक फोर’ला वैश्विक किरण, १९६२ मधील ‘हल्क’ला गॅमा बॉम्ब आणि ‘स्पायडर-मॅन’ला किरणोत्सारी कोळी कारणीभूत ठरतो. क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेचप्रसंगही १९६२ च्या ऑक्टोबरातलाच. अणुयुगाचे भय या कथा वरदानात रूपांतरित करीत होत्या. तरीही ते भय त्यांत नावानिशी उपस्थित होते. ‘फ्रीडम फोर्स’मध्ये त्याची जागा ‘एनर्जी एक्स’ ही परग्रहावरून आलेली शक्ती घेते. ती सज्जनाला नायक बनवते, दुर्जनाला खलनायक. म्हणजे दोष शक्तीचा नव्हे, ती धारण करणाऱ्याचा. अण्वस्त्रांच्या समर्थनाचा एक युक्तिवाद याच वळणाचा होता.

येथवर जेमसन यांचे म्हणणे पटते. परंतु ‘मिनिटमॅन’ या पहिल्या नायकाची योजना त्याला छेद देते. त्याचे पूर्वरूप असलेला, सायमन आणि कर्बी यांचा ‘कॅप्टन अमेरिका’ (१९४१) हा लष्करी प्रयोगातून बलिष्ठ झालेला तरुण आहे. फ्रँक स्टाइल्स मात्र मॅनहॅटन प्रकल्पावर काम केलेला वृद्ध शास्त्रज्ञ आहे. एनर्जी एक्स त्याला तारुण्य बहाल करते. अणुबॉम्बचा एक कर्ता अशा रीतीने निष्कलंक देशभक्त होतो. अनुकृतीने इथे इतिहास पुसलेला नाही. इतिहास पुसला जाण्याची क्रियाच तिने कथानकात नोंदवली आहे.

मात्र ही नोंद टीकेत परिणत होत नाही. लिंडा हचन यांना विडंबनात अभिप्रेत असलेले चिकित्सक अंतर निवेदकाच्या सुरात आहे, खेळाच्या नियमांत नाही. खेळाडू काळ थांबवून आज्ञा देऊ शकतो, दिव्याचा खांब उपटून त्याचे शस्त्र करू शकतो; स्टाइल्सच्या भूतकाळाविषयी निर्णय घेण्यास मात्र नियमांत जागा नाही. निवेदन उपहास करते तेथे नियम श्रद्धाळू राहतात. संगणकीय खेळांची समीक्षा केवळ कथनापाशी थांबली, तर ही विसंगती तिच्या नजरेतून निसटेल.