आजोबा विक्षिप्त होते का?

परवा न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. "मामा, शाळेत 'माझी आयडेंटिटी' असा निबंध आहे. मी पणजोबांवर लिहितेय. आई म्हणते ते विक्षिप्त होते. म्हणजे एक्सेंट्रिकच ना?"

हो म्हणून टाकलं, पण मनाला चैन पडेना. नारायण पेठेतल्या वाड्यात आजोबा रोज रात्री कागदपत्रांची पिशवी बांधून दाराशी ठेवत आणि सकाळी सोडत. सगळा वाडा त्यांना विक्षिप्त म्हणे. आजीला तो शब्द फार लागायचा.

मग कोश काढून बसलो. मोल्सवर्थने हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने पुरा केला, तो १८४७ साली निघाला. हा कँडी तसा आपल्या पुण्याचाच, विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेवर देखरेख करणारा! पण शब्दांची मुळं शोधता शोधता मी कोशाच्याही मागे गेलो.

आयडेंटिटीच्या मुळाशी लॅटिनमधलं 'तेच' आहे. आपण त्याला अस्मिता म्हणतो आणि चौकाचौकात फलक लावतो. पतंजलींनी मात्र अस्मिता पाच क्लेशांत घातली आहे! विक्षिप्तही योगशास्त्रातलाच. व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त म्हणजे मधूनमधून स्थिरावणारं चित्त. या हिशेबाने आपण सगळे विक्षिप्त, आणि तेही चांगल्या दिवशी.

एक्सेंट्रिक हा जुन्या खगोलशास्त्रातला शब्द. ग्रीक मुळाचा अर्थ एवढाच, की केंद्र सोडून असलेला. टॉलेमीच्या गणितात ग्रहाचं वर्तुळ पृथ्वीभोवती, पण त्याचा मध्य पृथ्वीपासून थोडा बाजूला. वर्तुळ गोलच, मध्य तेवढा वेगळा. माणसांना हा शब्द नंतर चिकटला.

इथे मी थांबलो. आजोबांचा मध्य मला ठाऊक होता. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, वाड्यात पाणी शिरलं, घरातला कागदन् कागद गेला. त्यानंतर जन्मभर त्यांची रात्र त्या एका दिवसाभोवती फिरत राहिली.

भाचीला परत फोन केला. म्हटलं, एक्सेंट्रिकच लिही, पण सोबत ती तारीखही लिही.

असो. ती पिशवी आता कुणाकडे आहे? नातेवाईकांपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.