तोक्योच्या पंक्तीतील परदेश

नगराची थोरवी त्याच्या राजवाड्यांत शोधण्याचा प्रघात आहे. परंतु परक्या मुलखातून आलेल्या माणसास ते नगर प्रथम कळते ते त्याच्या भोजनगृहांतून. जपानची राजधानी तोक्यो येथे उत्तम उपाहारगृह कोठे मिळेल, असे प्रवासी नेहमी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर त्या नगराच्या इतिहासात दडलेले आहे.

तोक्योचे पूर्वीचे नाव एदो. अठराव्या शतकात त्याची लोकवस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती, आणि तीत सामुराई, सुतार, कारागीर अशा एकट्या राहणाऱ्या पुरुषांचा भरणा फार मोठा होता. गिरणगावातील खाणावळी ज्या गरजेतून उभ्या राहिल्या, त्याच गरजेने एदोच्या रस्त्यांवर सोबा, तेम्पुरा आणि सुशी विकणारे ठेले उभे केले. हाताने वळलेली सुशी 1820 च्या दशकात लोकप्रिय करण्याचे श्रेय हानाया योहेई यास दिले जाते. आसाकुसाजवळील कोमागाता येथे 1801 साली निघालेले दोजो माशाचे भोजनगृह आजही चालू आहे. अशा पिढीजात दुकानांना जपानीत ‘शिनिसे’ म्हणतात. दारावरचा ‘नोरेन’ हा कापडी पडदा हीच त्यांची अब्रू.

परदेशी पदार्थांना मात्र राजाज्ञेची वाट पाहावी लागली. 675 साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस निषिद्ध ठरविले होते. पुढे 1872 साली सम्राट मेइजीने गोमांस सेवन केल्याचे जाहीर झाले, आणि पाश्चात्त्य भोजनास प्रतिष्ठा लाभली. त्याच वर्षी त्सुकिजी येथे सेइयोकेन निघाले. 1876 मध्ये त्याची शाखा उएनोच्या उद्यानात सुरू झाली. गिंझातील रेंगातेई हे 1895 चे. युरोपीय पदार्थ जपानी भाताशी जुळवून घेण्याची कला अशाच ठिकाणी घडली. 1910 साली आसाकुसात राइराइकेन निघाले आणि चिनी शेवयांनी सामान्यांचे मन जिंकले.

आपल्या ‘करी’ची कथा याहून विलक्षण आहे. ती जपानात गेली ती इंग्रजांच्या वाटेने, पिठाने दाट केलेल्या रश्शाच्या रूपात. 1912 साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंजवर बाँब पडला. त्या कटाचे सूत्रधार मानले गेलेले रासबिहारी बोस 1915 साली जपानला निसटले. इंग्रजांच्या दडपणामुळे त्यांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम सुटला, तेव्हा शिंजुकूतील नाकामुराया या पाव-बिस्किटांच्या दुकानाचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना दुकानामागे दडवून ठेवले. 1918 साली सोमांची कन्या तोशिको हिच्याशी बोसांचा विवाह झाला. 1925 मध्ये ती निवर्तली.

नाकामुरायाने 1927 साली उपाहारगृह उघडण्याचे ठरविले, तेव्हा बोसांनी आग्रह धरला की तेथे अस्सल हिंदुस्थानी करीच मिळावी. आपल्या देशाचे अन्नही जगाने राज्यकर्त्यांच्या हातून घ्यावे, हे त्यांना रुचणारे नव्हते. नेहमीची करी दहाबारा सेनला मिळत असता ही ऐंशी सेनला विकली जाई. तरीही गिऱ्हाईक आले. बोसांचे देहावसान जानेवारी 1945 मध्ये झाले. स्वतंत्र भारत त्यांना पाहता आला नाही. त्यांची करी मात्र शिंजुकूच्या त्याच दुकानात आजही वाढली जाते.

बोसांचे सहकारी, तिरुवनंतपुरमचे ए. एम. नायर, यांनी 1949 साली गिंझा भागात, काबुकी नाट्यगृहाच्या निकट, आपले उपाहारगृह थाटले. 1957 पासूनचे ‘अजंता’ दाक्षिणात्य पदार्थांसाठी नावाजले. त्याच्या पाटीवर मात्र महाराष्ट्रातील लेण्यांचे नाव आहे. पुढे संगणक व्यवसायातील भारतीय एदोगावा प्रभागात वसले, आणि निशिकासाई परिसरात भारतीय दुकाने व भोजनगृहे वाढली. याच प्रभागाच्या सभेवर 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले.

तेथे जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानी धराव्यात. जुना नोरेन आणि दुपारी स्थानिक नोकरदारांची लागलेली रांग ही भरवशाची खूण होय. मोठ्या वस्तुभांडारांच्या वरच्या मजल्यांवर अनेक भोजनगृहे एकत्र असतात, आणि काचेमागे मांडलेल्या पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती भाषेची अडचण दूर करतात. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध असावे. सोब्याच्या साध्या रश्शातही बहुधा वाळविलेल्या माशाचा अर्क असतो. त्यांच्यासाठी बौद्ध मठांच्या परंपरेतील ‘शोजिन र्‍योरी’ हे निर्मांस भोजन उत्तम.

परमुलखात स्थायिक झालेल्या प्रत्येक समाजापुढे हा प्रश्न येतो की आपली चव शेजाऱ्यास मानवेल इतकी सौम्य करावी, की तिचे मूळ रूप राखून त्याला पंगतीस बोलवावे. बोसांनी दुसरा मार्ग पत्करला. पन्नास वर्षे परप्रांतात गोडा मसाला जपणाऱ्या आपल्या घरांना तो अनोळखी वाटू नये.