फोटोच्या कडेला उभी असलेली सायकल

बातमीचा फोटो आणि सायकल हे दोन विषय एकाच व्याख्यानात कसे, असं आत येताना दोघातिघांनी मला विचारलं. उत्तर सोपं आहे. फोटो काढल्यापासून तो पेपरात छापून तुमच्या दारात पडेपर्यंतचा बराचसा प्रवास सायकलवर व्हायचा. फोटोग्राफर सायकलवर, डार्करूममधून प्रिंट घेऊन ब्लॉकमेकरकडे जाणारा शिपाई सायकलवर, आणि पहाटे पेपर टाकणारा तर सायकलवरच. पण त्याच पेपरातल्या फोटोत सायकल शोधायला जा, क्वचितच सापडते. असं का झालं, याबद्दल मला बोलायचं आहे. मी स्वतः पुण्यात वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं सायकलवर काढली, तेव्हा थोडं माझंही बोलणं मध्ये येईल.

सुरुवात होमाई व्यारावाला यांच्यापासून करू. १९१३ साली नवसारीला जन्म, वाढल्या मुंबईत, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीचे होमाईबाईंचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावावर, कारण बाईचं नाव तिथे कोणाला अपेक्षितच नव्हतं. १९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीत. फाळणीचा निर्णय झाला ती बैठक, १९४७च्या ऑगस्टमध्ये लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, कबूतर सोडणारे नेहरू, हे फोटो तुम्ही पाहिलेले आहेत, काढणारीचं नाव माहीत नसेल तरीही.

आणि या बाई त्या काळात दिल्लीभर साडी नेसून, सायकलवर, सगळं सामान घेऊन हिंडत होत्या. सामान म्हणजे काय, ते जरा डोळ्यांपुढे आणा. स्पीड ग्राफिक हा कॅमेरा म्हणजे एक पेटीच. त्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे बसतात, म्हणजे दोन फोटो झाले की होल्डर बदलायचा. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की संपला, पुढच्या फोटोला नवा बल्ब. म्हणजे होल्डरचा गठ्ठा, बल्बचा डबा, कॅमेरा, आणि खाली खड्ड्यांचा रस्ता. बल्ब काचेचे, हे विसरू नका.

होमाईबाईंचं टोपणनाव होतं ‘डालडा १३’. जन्म तेराचा, नवऱ्याशी ओळख तेराव्या वर्षी, आणि मोटारीचा नंबर डीएलडी १३. गंमत पाहा, नाव राहिलं ते मोटारीवरून. त्याआधी दिल्लीत सायकलवर गेलेल्या वर्षांनी मागे नाव ठेवलं नाही. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये बडोद्यात त्या गेल्या.

सायकल वापरायची ती परवडते म्हणून, हे खरंच आहे. पण कामावरही तिचा परिणाम होतो, हे मी अनुभवाने सांगतो. स्कूटरवरच्या फोटोग्राफरला काही दिसलं की ब्रेक, स्टँड, हेल्मेट, आणि मग कॅमेरा. तोवर ते निघून गेलेलं असतं. सायकलवाला एक पाय जमिनीला टेकवतो आणि झालं. शिवाय सायकलवर डोळ्यांची उंची चालणाऱ्या माणसापेक्षा जराच वर येते. मंडईसमोरच्या गर्दीत ती वीतभर उंची फार कामाची. कॅमेऱ्याची बॅग मात्र पाठीवर आडवी घट्ट बांधावी लागते, नाहीतर वळणावर ती पुढे येऊन हँडलवर आदळते. पावसाळ्यात बॅगेत दुधाच्या धुतलेल्या पिशव्या. त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला मिळालं नाही.

आमच्या धंद्यातला सगळ्यात प्रसिद्ध सायकलवाला न्यूयॉर्कचा, बिल कनिंगहॅम. कामगारांचा निळा फ्रेंच कोट अंगात, गळ्यात कॅमेरा, आणि सायकल. रस्त्यावरून चालणाऱ्या साध्या माणसांनी काय घातलंय, हीच त्यांची बातमी. न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांचे फोटो वर्षानुवर्षं येत होते, पण नोकरी ते नको म्हणत. सायकलवर असताना ट्रकने धडक दिली, त्यानंतर १९९४ मध्ये त्यांनी नोकरी पत्करली, आरोग्यविमा मिळावा म्हणून. रोज सायकलने कामावर जाणाऱ्या कोणालाही हा हिशेब लगेच कळेल. ८७ वर्षांचं आयुष्य जगून ते २०१६ मध्ये गेले.

कनिंगहॅम यांना रोजचं जगणं छापायला पानावर हक्काची जागा होती. आपल्याकडे तशी जागा नव्हती, आणि मूळ प्रश्न इथेच सुटतो.

बातमी म्हणजे काहीतरी वेगळं घडणं. पुण्यात सकाळी सायकलींचे लोंढे निघणं यात वेगळं काहीच नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे जाणारे कामगार, हँडलला डबा, पँटच्या पायाला क्लिप. लकडी पुलावरून कॉलेजच्या मुली. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलिसाची शिट्टी, डबलसीट दिसली की हवालदाराने सोडलेली हवा. हे सगळं रोजचं. रोजच्या गोष्टीवर रोल कोण खर्च करणार? छत्तीस फोटोंचा रोल ऑफिस मोजून द्यायचं. एका संपादकांनी तर मला स्पष्टच विचारलं होतं, रस्त्याचा फोटो आणलात, पण यात माणूस कोण?

‘माणूस कोण’ हा प्रश्न फार महत्त्वाचा. १९७३ मध्ये पेट्रोल महागलं तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, ती देशभर बातमी झाली. बैलगाड्या तर देशात लाखोंनी होत्या. गाडीत कोण बसलंय यावर बातमी ठरते. सायकलचंही तेच. मंत्री बसला तर पहिल्या पानावर, फिटर बसला तर कुठेच नाही.

तरीही सायकल फोटोत येतच होती, कारण ती सगळीकडेच होती. उद्घाटनाचा फोटो काढला की फाटकाला टेकवलेल्या चार सायकली आल्याच. सभेच्या गर्दीत कडेला दांडीवर पोर बसवून उभा असलेला बाप आलाच. मग ती गेली कुठे? कातरीत गेली. टेबलावर प्रिंट ठेवायची, पाठीमागे पेन्सिलने खुणा करायच्या, दोन कॉलममध्ये बसेल एवढे चेहरे ठेवायचे, बाकी उडवायचं. उरलेल्याची जस्ताच्या ब्लॉकवर जाळी व्हायची. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, म्हणून जाळीही जाड. फीत कापणाऱ्या पाहुण्यांचं नाक कसंबसं ओळखू यायचं, मागच्या सायकलचं चाक म्हणजे करडा डाग. ऑफसेट आल्यावर छपाई सुधारली, पण तोवर लुना आणि स्कूटर यांनी रस्ता घेतला होता. लुना १९७२ची, आणि ती आपल्याच पुण्याची, म्हणून तिच्यावर राग धरता येत नाही.

म्हणजे या शहराला सायकलींचं शहर म्हणायचे, त्या काळाचा छापील पुरावा आपणच कापून टाकलेला आहे. पण निगेटिव्हवर कातर चाललेली नाही. निगेटिव्हवर ती अख्खी चौकट शिल्लक आहे. तिच्यात सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली ट्रंक आहे, नऊवारीतल्या बाईने हाताने ढकलत नेलेली सायकल आहे, पंक्चरवाल्याचं पाण्याचं घमेलं आहे.

आता अडचण अशी की निगेटिव्ह जपते कोण? जुने स्टुडिओ बंद झाले, पेपरांची ऑफिसं हलली. फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून किलोवर विकत घेणारे लोक होते आणि विकणारेही होते. राहिलेल्या निगेटिव्ह बुरशी येऊन एकमेकींना चिकटतात. सध्या काही संस्था आणि काही घरं जुनी चित्रं स्कॅन करत आहेत, त्याचं कौतुक आहे. पण बहुतेक ठिकाणी स्कॅन होतं ते छापून आलेलं कात्रण, किंवा खुणा केलेली प्रिंट, आणि तीही खुणांच्या आतली. नोंदीत पुढाऱ्याचं नाव, समारंभ, तारीख. ‘सायकल’ असा शब्द टाकून शोधलं तर शून्य.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या, वडिलांच्या निगेटिव्ह असतील तर त्या पूर्ण स्कॅन करा, कडा न कापता. घरी आणलेल्या सुनेचा फोटो असेल, तरी दारातली सायकल राहू द्या. आणि नोंद करताना ती कोणाची होती, कोणत्या कंपनीची, कोण कामावर न्यायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्या. बऱ्याच घरांत त्यांना ते बिल्ल्याच्या नंबरासकट आठवतं.