हडस्वेलचा ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ : एका ग्रामीण पबचे सहकारी पुनरुज्जीवन

इंग्लंडच्या ग्रामजीवनात पब हे केवळ मद्यपानाचे ठिकाण नव्हते. चर्चप्रमाणेच ते गावाला एकत्र आणणारे केंद्र होते. त्यामुळे उत्तर यॉर्कशायरमधील हडस्वेल गावचा एकमेव पब ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ २००८ मध्ये बंद पडला, तेव्हा गावाने आपली बैठकीची जागाच गमावली.

ग्रामस्थांनी सहकारी संस्था स्थापून भागभांडवल उभारले, वास्तू विकत घेतली, तिची दुरुस्ती केली आणि जून २०१० मध्ये पब पुन्हा सुरू झाला. मालकी संस्थेकडे राहिली; व्यवसाय भाडेकरू चालकाकडे सोपविण्यात आला. मात्र हे नूतनीकरण भिंती-छपरापुरते मर्यादित नव्हते. पबच्या आश्रयाने ग्रंथालय, स्वयंसेवकांनी चालविलेले दुकान व ग्रामस्थांसाठी भाजीपाल्याचे वाफे उभे राहिले. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या ग्राहक संघटनेने या पबला २०१६ चा राष्ट्रीय सर्वोत्कृष्ट पब ठरविले.

२०११ च्या ‘लोकॅलिझम’ कायद्याने नोंदणीकृत सामुदायिक वास्तू विक्रीस निघाल्यास बोली लावण्यासाठी स्थानिक गटांना सहा महिन्यांपर्यंत अवधी दिला. निधी किंवा खरेदीची हमी मात्र दिली नाही. हडस्वेलने कायद्यापूर्वीच दाखवून दिले होते की, अशी वास्तू अखेर टिकते ती गावाच्या भागभांडवलावर आणि तिच्या दैनंदिन उपयुक्ततेवर.