नावाला दिलेले मत : न्यायाधीशांच्या निवडणुकीची कहाणी

१/ साल १९७६. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होती. एकीकडे वकीलवर्गाचा पाठिंबा लाभलेले अनुभवी अपील-न्यायाधीश चार्ल्स बॅरो. दुसरीकडे ह्यूस्टनचे फारसे कोणाला ठाऊक नसलेले वकील डॉन यारब्रो. विजयी झाले यारब्रो!

२/ या विजयाचे रहस्य नावात दडले होते. राल्फ यारबरो हे १९५७ ते १९७१ या काळात टेक्सासचे सेनेटर होते. डॉन यारबरो नावाच्या दुसऱ्या नेत्याने गव्हर्नरपदासाठी अनेकदा निवडणूक लढवली होती. इंग्रजी लेखनात या आडनावांमध्ये फरक एकाच अक्षराचा! मतदारांना नाव ओळखीचे वाटले, आणि तेवढे पुरेसे ठरले.

३/ यारब्रोंविरुद्ध अनेक दिवाणी दावे प्रलंबित असल्याचा गाजावाजा झाला, तोवर वेळ निघून गेली होती. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर रिपब्लिकन प्रतिस्पर्धीच नव्हता. जानेवारी १९७७ मध्ये ते न्यायासनावर बसले आणि पदच्युतीची टांगती तलवार दिसताच जुलैमध्ये पायउतार झाले. पुढे खोट्या साक्षीच्या गुन्ह्यात ते दोषी ठरले.

४/ मग मुळात न्यायाधीश निवडून देण्याची प्रथा आली कोठून? १८३२ मध्ये मिसिसिपीने आपले सर्व न्यायाधीश लोकमताने निवडण्याची तरतूद केली. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तोच मार्ग धरला आणि मग अनेक राज्ये त्या वाटेने गेली. हेतू उदात्त होता : न्यायाधीश गव्हर्नर वा विधिमंडळाच्या मर्जीतले नसावेत.

५/ त्या काळी मतपत्रिका पक्षच छापत. मतदाराला उमेदवाराची विद्वत्ता ठाऊक नसे. पण पक्ष ठाऊक असे. तेवढीच काय ती माहिती. मात्र त्यातून न्यायासन पक्षपुढाऱ्यांच्या मुठीत गेले. १९०६ मध्ये रॉस्को पाउंड या विधिज्ञाने सेंट पॉल येथील गाजलेल्या भाषणात न्यायालये राजकारणात ओढल्याबद्दल कडक टीका केली.

६/ सुधारकांनी उपाय शोधला : न्यायाधीशांच्या मतपत्रिकेवरून पक्षाचे नावच काढून टाका. अनेक राज्यांनी तसे केले. पण यामुळे मतदाराच्या हातातली एकुलती एक खूणही गेली. उरले केवळ नाव. पक्षांतर्गत निवडणुकीत तर सारेच उमेदवार एका पक्षाचे. टेक्सासमध्ये घडले ते यामुळेच.

७/ १९९० मध्ये वॉशिंग्टन राज्यात सरन्यायाधीश कीथ कॅलो पराभूत झाले. जिंकणारे चार्ल्स जॉन्सन हे टॅकोमा येथील अप्रसिद्ध वकील होते. जॉन्सन हे सर्वपरिचित नाव पथ्यावर पडले, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण येथे कथा वेगळ्या वळणाने गेली : जॉन्सन पुढे अनेकदा निवडून आले आणि दशकानुदशके त्या न्यायालयात राहिले. अंधारात टाकलेला फासा कधी अनुकूलही पडतो.

८/ मिसूरीने १९४० मध्ये मधला मार्ग काढला. तेथे निवड-आयोग नावांची यादी देतो, गव्हर्नर त्यातून एकाची नेमणूक करतो आणि काही काळाने मतदार एवढेच ठरवतात : या न्यायाधीशांना ठेवायचे की नाही? प्रश्न सोपा झाला. पण उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती तरीही दुर्मीळच राहिली.

९/ जून २०२५ मध्ये मेक्सिकोने हा प्रयोग देशपातळीवर केला. पक्षांना प्रचाराची मनाई होती. मतदारांपुढे संघीय पदांसाठीच सहा मतपत्रिका आणि अनोळखी नावांच्या लांबलचक याद्या आल्या. मतदान झाले सुमारे १३ टक्के. कोणाला मत द्यावे याच्या आयत्या चिठ्ठ्या जागोजागी फिरल्या; परीक्षेतील कॉपीच्या चिठ्ठीला तेथे ‘आकोर्देओन’ म्हणतात, तेच नाव त्यांना पडले.

१०/ १८३२ चा हेतू न्यायाधीशाला सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतून सोडवण्याचा होता. पुढच्या दोन शतकांनी एक गोष्ट दाखवली : मतदाराला माहिती मिळाली नाही, तर ती रिकामी जागा कोणी ना कोणी भरतोच. कधी पक्षपुढारी, कधी ओळखीचे आडनाव, कधी हातात सरकवलेली चिठ्ठी.